अमरावतीहून परत आलेली पोरं

गोजराबाई रिठदहून वाशीमच्या बाजाराला आली, ती डोक्यावरची मिरच्यांची पाटी न उतरवताच उस्मान मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तरांच्या बायकोने, अमीनाबींनी, तिला बस म्हटलं, पाणी पुढे केलं. ती बसली नाही. मास्तर घरात आहेत का एवढंच तिने विचारलं, आणि ते बाहेर येताच म्हणाली, "मास्तर, तुमचं पोट्टं घरी येऊन बसलं हाय. घेऊन जा त्याले."

मास्तरांना क्षणभर उमजलं नाही. त्यांना मुलीच होत्या आणि त्या आपापल्या सासरी होत्या. मग बाईचा चेहरा पाहून त्यांच्या लक्षात आलं की ती जगदेवबद्दल बोलते आहे. जगदेव तिचा मुलगा. जुलै महिन्यात मास्तरांनी स्वतः मोटारीत बसवून त्याला अमरावतीच्या कॉलेजात धाडलं होतं.

"सुट्टी असंन," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं नव्हतं.

सुट्टी कधीच संपली, असं गोजराबाईने सांगितलं. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, गावातल्या लेकी सासरी गेल्या, पण हा जायचं नाव काढत नाही. विचारलं तर जातो म्हणतो आणि शेतात निघून जातो. घरी असला की भाकरी जाड झाली म्हणतो, बापाने काही म्हटलं तर त्यातल्या चुका काढतो. तिने गावभर सांगून ठेवलं होतं की आपला जगदेव कॉलेजात गेला. आता विहिरीवर बायका विचारतात, गोजराबाई, कॉलेज का रिठदलेच आलं?

"मी रडून-भेकून पोराले आडवून धरलं असं लोकं म्हनून राह्यले," ती म्हणाली. "मी कायले धरू? तुमीच या अन् न्या."

एवढं बोलून ती पाटी सावरत बाजाराकडे गेली. मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले. दर साल दिवाळीनंतर नवऱ्याचं तोंड असं होतं हे अमीनाबींना पाठ झालं होतं.

उस्मान मास्तर वाशीमच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवत. त्या काळी मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर आपल्या भागात काही नव्हतं, अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागे. मास्तर दरवर्षी एखाद-दोन हुशार पोरं हेरायचे. त्यांच्या बापांना गाठायचे, आयांची समजूत घालायचे, आजे-चुलते आडवे आले तर त्यांच्याशीही हुज्जत घालायचे आणि शेवटी पोराला अमरावतीला रवाना करायचे. पोरं दिवाळीला घरी यायची आणि त्यातली काही परत जायचीच नाहीत. मग ती बाजारात दिसायची. मास्तरांना पाहून कोणी ऊन नसताना छत्री उघडायचा, कोणी पाठमोरा होऊन बटाटे निवडत बसायचा. विचारलं तर सांगायला एकेकाकडे एकेक कारण असे. पाणी मानवलं नाही. खाणावळीतली डाळ पातळ. थोरला भाऊ वेगळा निघाला. आईच्या डोळ्याला दिसत नाही. मास्तरांनी पहिली काही वर्षं ही कारणं ऐकून घेतली, पुढे पोरांना चारचौघांत फैलावर घ्यायला लागले, आणि अलीकडे तर त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

त्या वर्षीची दोन पोरं मात्र वेगळी होती. रिठदचा जगदेव आणि रिसोडचा रऊफ. हायस्कूलात दोघं एकाच बाकावर बसत, एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी जीव टाकत आणि डबा मात्र एकत्र उघडत. हे दोघं परत येणार नाहीत, असं मास्तरांनी शाळेत सगळ्या मास्तरांच्या देखत सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मास्तर सकाळच्या मोटारीने रिठदला उतरले. गोजराबाई त्यांना शेतात घेऊन गेली. ज्वारी निसवून दाणा भरत आला होता आणि जगदेव मधोमध माळ्यावर गोफण घेऊन पाखरं हाकत बसला होता. मास्तरांना पाहून तो उठला, खाली मात्र उतरला नाही. मास्तरांनी खालूनच विचारलं, काहून आलास?

जगदेवने वरून उत्तरं दिली. हॉस्टेलात रोज गव्हाची पोळी असते, त्याने पोट दुखतं. मास्तर म्हणाले, अमरावतीत भाकरी मिळत नाही असं कोण म्हणतं, अर्धी अमरावती भाकरीवरच जगते. मग जगदेव म्हणाला, बाबा शेतात एकटे पडतात. त्यावर बांधावरून गोजराबाई म्हणाली, तुझ्या बापाले दोन भाऊ हायेत, दोघंबी धडधाकट. मग जगदेव म्हणाला, तिथलं पाणी जड आहे. हे ऐकून मास्तरांचा संयम सुटला. त्यांनी जोडे काढले, शेरवानीचा घोळ एका हातात धरला आणि ते माळ्याची शिडी चढू लागले. माळा करकरला. जगदेवने घाबरून हात दिला आणि त्यांना वर ओढून घेतलं.

माळ्यावर दोघांना पुरेल एवढीच जागा होती. मास्तर धापा टाकत बसले. ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला तरी जगदेवने गोफण उचलली नाही.

"आता खरं सांग," मास्तर म्हणाले.

मग त्याने जे सांगितलं ते असं. हायस्कूलात इतिहास मराठीतून होता, भूगोल मराठीतून होता, इंग्रजी तेवढं इंग्रजीतून. कॉलेजात सगळंच इंग्रजीतून. त्यात तर्कशास्त्राचे प्रोफेसर भराभर बोलत. पहिल्या आठवड्यात त्यांनी जगदेवला उभं करून काहीतरी विचारलं. प्रश्नातला एक शब्दही त्याच्या हाती लागला नाही. तो नुसता उभा राहिला. प्रोफेसर रागावले नाहीत. हसून, मायेने, बस म्हणाले.

"तवापासून थे मले इचारत नाहीत," जगदेव म्हणाला. "पहिल्या बाकापासून धरतात, एकेकाले इचारत येतात. माह्या बाजूच्याले इचारतात, मंग मले सोडून पल्याडच्याले. रोज. जसा मी तथी बसेलच नाही."

मास्तरांना हे ऐकून वाईट वाटायच्या आधी चीड आली. हायस्कूलात याच पोराला ते सगळ्यात आधी उभं करत. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी कॉलेज सोडतं का? समजलं नाही तर रऊफला विचारायचं होतं. तो काय परका होता?

जगदेवने मान हलवली. रऊफ मुसलमान पोरांच्या हॉस्टेलात, तो हिंदू पोरांच्या. गावाची दोन टोकं. भेट व्हायची ती वर्गातच, आणि तिथे रऊफ पुढच्या बाकावर बसून यस सर म्हणत मान डोलवणारा. "त्याले सगळं समजते, मास्तर. मले एकट्यालेच नाही समजत. कोन्या तोंडानं इचारू?"

मास्तर खाली उतरले. गोजराबाईने भाकरी आणि ठेचा आणला होता, तो त्यांनी बांधावर बसून मुकाट्याने खाल्ला. त्यांच्या मनात एक विचार आला होता. रऊफला सगळं समजत असेल तर त्यालाच गळ घालावी, की बाबा, संध्याकाळचा तासभर जगदेवला देत जा. त्यासाठी रऊफच्या वडिलांना भेटून तसा निरोप धाडावा. रिसोड तिथून लांब नव्हतं. मिळेल त्या मोटारीने ते रिसोडला गेले.

रऊफचे वडील युनूसमिया यांचं भर बाजारात कापडाचं दुकान होतं. मास्तर पायरी चढले आणि तिथेच थांबले. गादीवर युनूसमियांच्या शेजारी बसून रऊफ एका गिऱ्हाइकाला छीट मोजून देत होता.

रऊफने मान वर केली. कापड त्याच्या हातातून सुटलं. युनूसमियांनी मात्र मोठ्या आनंदाने मास्तरांना या, या म्हटलं, लोड पुढे सरकवला आणि सांगितलं की सिताराच्या निकाहसाठी पोरगा आला आहे. सितारा म्हणजे रऊफची बहीण. तिचा निकाह दिवाळीच्या आधीच झाला होता. ती सासरी जाऊन एकदा माहेरपण करून परतही गेली होती, आणि मास्तरांनी त्या निकाहची बिर्याणीही खाल्ली होती. हे त्यांनी युनूसमियांना सांगितलं नाही. बाजारातून जरा फिरून येतो म्हणून रऊफला घेऊन ते बाहेर पडले.

चालता चालता त्यांनी एकच विचारलं, तुलाही पाणी मानवलं नाही का. रऊफ म्हणाला, तसं नाही. मग तो घुटमळला आणि कारण सांगण्याऐवजी त्याने जगदेवची तारीफ सुरू केली. जगदेवला सगळं येतं. प्रोफेसर बोलायला लागले की जगदेवची मान खाली आणि लेखणी सुरू, ती तास संपेपर्यंत थांबत नाही. आपण मागे वळून वळून पाहत असू. आपल्याला एक वाक्य कळेपर्यंत पुढची चार निघून गेलेली असतात आणि जगदेव मात्र सगळं लिहून घेतो. प्रोफेसरही त्याला काही विचारत नाहीत, कारण त्याला येतं हे त्यांना माहीत आहे.

मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून येणारा बैलगाडीवाला हाट्, हाट् करत त्यांना वळसा घालून गेला.

"काय म्हनलास?" ते म्हणाले.

रऊफने पुन्हा सांगितलं. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, रुमालाने कपाळ पुसलं आणि टोपी परत घातली. त्यांना हसावं की याच्या थोबाडीत द्यावी हे कळेना. वर्षानुवर्षं पोरं परत येत होती, कारण दुसऱ्याला समजतंय असं प्रत्येकाला वाटत होतं. आणि दोघांतल्या एकालाही दुसऱ्याच्या जवळ जाऊन विचारायची बुद्धी झाली नव्हती.

पुढच्याच शनिवारी त्यांनी दोघांना वाशीमला घरी बोलावून समोरासमोर बसवलं. त्यांना वाटलं होतं आता गाठ सुटेल. जगदेवने सांगितलं, मी लिहीत होतो ते कानावर पडेल ते मराठी अक्षरांत उतरवत होतो, रिकामा दिसू नये म्हणून, त्याचा अर्थ मला कळत नव्हता. रऊफ म्हणाला, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोस. मग रऊफने सांगितलं, मलाही काही कळत नव्हतं. जगदेव म्हणाला, मास्तरांनी तुला तसं बोलायला लावलं. मास्तर दोघांवर ओरडले. त्यामुळे दोघांची खात्री आणखी पक्की झाली. अमीनाबींनी मध्ये जेवणाची ताटं आणून ठेवली, म्हणून ती बैठक तेवढ्यावर थांबली. दोघांनी जेवताना मात्र पहिल्यासारख्या एकमेकांच्या ताटातल्या फोडी उचलल्या.

शेवटी मास्तरांनी दोघांना स्वतःच पोचवायचं ठरवलं. हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घालून रजा दिली. अकोल्याच्या स्टेशनवरच्या गर्दीत पोरं नजर चुकवून परत फिरतील, या धास्तीने मास्तरांनी आगगाडीचा विचार सोडला आणि मंगरूळ, कारंजावरून जाणारी मोटार धरली. सगळ्या वाटेने त्यांच्या मनात एकच घोष चालला होता. कॉलेजात जाऊन प्रोफेसरांशी काय बोलायचं, ते इंग्रजीत. त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती.

कारंजाच्या पुढे कामरगाव लागतं. तिथे मोटार थांबली, ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन विहिरीकडे गेला आणि उतारू पाय मोकळे करायला खाली उतरले. लिंबाच्या पारावर काही माणसं बसली होती. त्यांतला एक उठून मास्तरांकडे आला. ऐन पंचविशीतला, मिशा राखलेला, शेतातून तसाच आल्यासारखा. मास्तरांनी त्याला ओळखलं आणि त्यांचं तोंड आवळलं गेलं. तो दौलतसिंग होता. काही वर्षांपूर्वी मास्तरांनी धाडलेला आणि दिवाळीला परत आलेला. पुढे कारंजाच्या बाजारात भेटला तेव्हा मास्तर त्याला भरल्या बाजारात म्हणाले होते की आईच्या हातच्या तुपासाठी तू आयुष्य मातीत घातलंस. तेव्हापासून तो दिसला नव्हता.

दौलतसिंगने मास्तरांना रामराम केला, पण बोलला पोरांशी. मोटारीच्या टपावरच्या ट्रंका आणि वळकट्या त्याने पाहिल्या होत्या.

"फर्स्ट इयरले का?" त्याने विचारलं. दोघांनी मान हलवली. "अजून हासतात का तथी, कोनी उभं राह्यलं का?"

रऊफने मास्तरांकडे चटकन एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

दौलतसिंग सांगू लागला. त्याचा आवाज साधा होता, कोणाला दोष देण्याचा त्यात भाव नव्हता. "मले काही समजत नव्हतं. मंग एक दिवस हिंमत केली. मास्तरायनं सांगतलं होतं तसाच उभा राह्यलो. म्हनलं, सर, आय हॅव अ डाउब्ट. त्यातला ब म्हनला ना मी चांगला ठासून. आख्खा वर्ग हासला. दुसऱ्या दिवशीपासून पोट्टे मले डाउब्ट म्हनूनच हाक मारत होते."

मास्तरांना हे सगळं नीट कळलं नाही. समजलं नाही तर लाजू नका, सरळ उभं राहा आणि म्हणा, आय हॅव अ डाउब्ट, हे तर ते दरवर्षी प्रत्येक पोराला निघताना सांगत. त्यांच्या मते पोरांना देण्याजोगी त्यांच्याकडची तीच सगळ्यात मोलाची गोष्ट होती. त्यात हसण्यासारखं काय होतं, असं त्यांनी विचारलं. दौलतसिंग पायाने माती उकरत राहिला.

"रऊफ," मास्तर म्हणाले, "तुले मालूम हाय?"

रऊफचे कान लाल झाले होते. "लिहितात त्यात ब, मास्तर," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "पन म्हनत नाहीत. डाउट म्हनतात."

"तुले कसं समजलं?"

"मीबी उभा राह्यलो होतो. जगदेव त्या रोजी वर्गात नव्हता."

ड्रायव्हर पाणी ओतत होता, त्याचा भकभक आवाज तेवढा ऐकू येत होता. मास्तरांना आठवलं की रिसोडच्या बाजारात हा पोरगा कारण सांगता सांगता घुटमळला होता आणि त्याने विषय जगदेववर नेला होता.

"अन् हे मले इतक्या वर्सांत कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले.

"तुमाले कसं सांगनार," रऊफ पुटपुटला.

राग कोणावर काढावा तेच मास्तरांना कळत नव्हतं. ते दौलतसिंगकडे वळले आणि म्हणाले, निदान तू तरी सांगायचं होतंस. दौलतसिंगने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुमी इचारलं कुठी, मास्तर? तुमी बाजारात बोलले, अन् निघून गेले. मले वाटलं, माह्यासारखा बुद्दू मी एकलाच."

मास्तर मोटारीकडे वळले. पण इतका वेळ मोटारीला टेकून उभा असलेला जगदेव पुढे आला आणि त्याने रऊफला विचारलं, "म्हन्जे तुले खरंच समजत नव्हतं?"

"थेच तं सांगून राह्यलो तुले," रऊफ वैतागून म्हणाला.

मास्तरांनी सांगून, ओरडून जे पटलं नव्हतं ते जगदेवला एका परक्या शेतकऱ्याच्या तोंडून पटलं. दौलतसिंगला त्याची समजूत घालायचं काही कारण नव्हतं. मोटार सुटली तेव्हा दोघं पोरं मागच्या बाकावर एकमेकांना सांगत होती की कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आपल्याला काय काय कळलं नव्हतं. मास्तर पुढे खिडकीशी बसले होते. कामरगाव मागे पडलं तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने शेजारच्या उतारूला ते हळूच काहीतरी पुटपुटताना ऐकू आले. एकच शब्द, परत परत.

कॉलेजात त्यांनी प्रोफेसरांची गाठ घेतली. वाटेत जुळवलेली इंग्रजी वाक्यं त्यांनी मनातच ठेवली आणि पुस्तकातल्यासारख्या मराठीत बोलले. प्रोफेसर पुण्याकडचे, सभ्य गृहस्थ होते. जगदेवचं नाव ऐकून ते म्हणाले, भिडस्त मुलगा आहे, सर्वांसमोर त्याची फजिती होऊ नये म्हणून मी मुद्दाम विचारत नाही. मास्तरांनी कपाळाला हात लावला. इथेही कोणाच्या मनात वाईट नव्हतं. मास्तरांनी रऊफची भीड, प्रोफेसरांची दया आणि स्वतःचा उपदेश या सगळ्यांवर मनातल्या मनात दात खाल्ले आणि हात जोडून सांगितलं, "साहेब, त्याला रोज विचारा. चुकू द्या. पण त्याला सोडून पुढे जाऊ नका."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी बजावलं की यापुढे खाडा झाला तर हजेरी भरणार नाही आणि टर्म बुडेल. दोन्ही हॉस्टेलांनी पोरांना एकत्र ठेवायला नकार दिला. मग मास्तरांनी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यातली एक जागा पाहिली आणि दोघांना तिथे बसवून सांगितलं, तास सुटले की रोज इथे यायचं. तुला जे कळलं ते तू याला सांग, याला जे कळलं ते हा तुला सांगेल, आणि दोघांनाही जे कळलं नाही ते घेऊन प्रोफेसरांच्या खोलीत जा. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं.

सुरुवातीला दोघंच बसत. मग दारव्ह्याचा एक पोरगा येऊ लागला, मग पुसदचा. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांतला, अमरावतीतल्या एका वकिलाचा मुलगाही एक दिवस येऊन बसला आणि त्याने कबूल केलं की जगदेव लिहितो ते पाहून आपणही नुसतंच लिहीत होतो. जगदेवला प्रोफेसर रोज विचारत आणि तो रोज चुके. वर्ग सुरुवातीला हसला, मग कंटाळला. प्रोफेसरही थकले असावेत, कारण हिवाळा संपता संपता अवघड भाग ते आधी दोन वाक्यं मराठीत सांगू लागले.

परीक्षेत रऊफ कसाबसा पास झाला. जगदेव तर्कशास्त्रात नापास झाला. तो पुन्हा घरी येऊन बसेल या भीतीने मास्तर रिठदला धावले, तर तो जुलैची वाट पाहत बसला होता. गोजराबाईचा जीव मात्र वैतागला होता. तेच पुस्तक परत वाचायचं तर पहिल्याच वर्षी नीट का नाही वाचलं, असं ती मास्तरांना विचारत राहिली आणि तिला समजावता समजावता मास्तरांना घाम फुटला. रऊफ पुढे बी.ए. झाला. जगदेव इंटर करून थांबला आणि रिसोडला मास्तर झाला.

दौलतसिंग वाशीमला कधी आला नाही. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला, त्याने दोनदा शेताचं काम सांगितलं. पण कामरगावला मोटार थांबते, त्या वेळी तो पारावर असायचा. दिवाळीला पोरं अमरावतीहून खाली येत तेव्हा तो टपावरचं सामान पाही. नुसती पिशवी असली तर पोरगं सुट्टीला चाललं आहे. ट्रंक आणि वळकटी दोन्ही असली तर ते परत जाणार नाही. अशा पोराला तो हाताला धरून उतरवून घेई, घरी नेई, जेवू घाले आणि विचारी. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी दर जुलैत निघणाऱ्या पोरांना सांगायला सुरुवात केली की कामरगावात दौलतसिंगला भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळी पोरं काही त्याला सापडली नाहीत. ज्यांना कोणाचं ऐकायचंच नव्हतं ती अमरावतीहून बडनेरा गाठून आगगाडीने येऊ लागली, आणि मास्तरांना ती पुन्हा बाजारात पाठमोरी दिसत राहिली.

एका वर्षी मंगरूळकडचा हेमसिंग नावाचा पोरगा वळकटीसकट त्याच्या हाती लागला. दौलतसिंगने त्याला घरी ठेवून घेतलं. हेमसिंग काही केल्या परत जायला तयार होईना. सांगून झालं, विनवून झालं, दौलतसिंगच्या बायकोने समजावून झालं. शेवटी दौलतसिंग इतका वैतागला की त्याने अंगात सदरा चढवला, वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पोराला पुढे घालून अमरावतीची मोटार धरली. कॉलेज सोडल्यापासून त्याने त्या गावात पाय ठेवला नव्हता. फाटकाशी आल्यावर त्याने वळकटी हेमसिंगच्या हातात दिली आणि म्हणाला, "जाय. तथी व्हरांड्यात कोनी ना कोनी बसेल असंन. त्याइले सांग, मले समजत नाही."

हेमसिंगने नंतर मास्तरांना सांगितलं की तो आत जाऊन व्हरांड्यापर्यंत पोचला आणि मागे वळून पाहिलं, तेव्हा दौलतसिंग फाटकाच्या बाहेरच उभा होता. तासाची घंटा झाली, पोरं वर्गात गेली, तरी तो उभाच होता. आत मात्र आला नाही.